हरवल्याची नोंद झालेली झाचोत्का

मी एक जुनी झाचोत्का आहे. हसू नका मित्रांनो. किर्गिझस्तानात विद्यार्थ्याच्या गुणवहीला असं म्हणतात. निळा पुठ्ठा, पहिल्या पानावर फोटो, त्यावर गोल शिक्का. तोंडी परीक्षा झाली की प्राध्यापक स्वतःच्या हाताने माझ्यात गुण लिहून सही करत. नापासाचे गुण मात्र माझ्यात लिहायचेच नाहीत, अशी तिथली रीत.

माझी मालकीण निवेदिता लातूरहून तिथे डॉक्टर व्हायला आली होती. शरीररचनेच्या बाईंनी तिला दोनदा रिकाम्या पानानिशी परत पाठवलं. तिसऱ्यांदा त्यांनी 'पाच' लिहिले, म्हणजे सर्वांत वरचे गुण, तेव्हा तिने मला छातीशी धरलं. मला फार बरं वाटलं.

पदवी मिळाली की मला कचेरीत जमा करायचं, असा नियम होता. पण निवेदिताचा जीव माझ्यात अडकलेला. "हरवली," असं तिने लिहून दिलं आणि कपड्यांच्या घडीत दडवून मला घरी घेऊन आली. मीही खूश झाले. अक्कल नव्हती दोघींना.

पुढे तिकडे सुधारणांचं वारं सुटलं. तीन विद्यापीठं एकत्र केली, नवं नाव दिलं, सगळे गुण संगणकावर नेले. परदेशी विद्यार्थी यावेत म्हणून इंग्रजी वेबसाइट काढली, तिच्यावर हसऱ्या मुलांचे फोटो. सुधारणा वाईट होत्या असं नाही; माझ्या काळी एका सहीसाठी पोरं तासन् तास दाराबाहेर ताटकळत. पण ज्या जुन्या फायलींत एखादा कागद कमी होता, त्या 'अपूर्ण' म्हणून बाजूला टाकल्या. निवेदिताची फाइल त्यातलीच, कारण तिच्यात मी नव्हते.

आता आम्ही इंग्लंडात लेस्टरला आहोत. निवेदिता इथल्या हॉस्पिटलात रुग्णांना अंघोळ घालते, जेवू घालते. डॉक्टर म्हणून नोंदणी हवी तर मूळ विद्यापीठाने पदवी खरी असल्याचं कळवायला हवं. तिने तीन मेल केले. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला नव्या प्रवेशाचं माहितीपत्रक आलं. तिसऱ्याला तिने माझ्या पानापानाचे फोटो जोडले, तर उत्तर आलं, 'हरवल्याची नोंद झालेली वही रद्द समजली जाते.' मी टेबलावर धडधडीत पडलेली आणि म्हणे रद्द. माझा नुसता संताप झाला.

काल तिचा नवरा नकुल म्हणाला, "ॲप्लिकेशन मंथ-एंडला क्लोज होतंय. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून."

"मी खोटं बोलले होते, असं युनिव्हर्सिटीला सरळ लिहिते. आणि ओरिजिनलच पाठवते."

"अगं, पोस्टात खरंच हरवली तर? या मार्कांचं दुसरं प्रूफ नाहीये आपल्याकडे."

"घरात ठेवून तरी काय मिळालं?"

तिने पत्र लिहिलं, मला लिफाफ्यात घातलं आणि तो चिकटवायला बराच वेळ लावला.

मित्रांनो, आवडत्या वस्तूसाठीसुद्धा खोटं लिहून देऊ नका. ते कधी आडवं येईल सांगता येत नाही. आणि मोठ्या माणसांना माझी एवढीच विनवणी आहे. मी पोहोचले तर मला नुसतं स्कॅनच्या यंत्रावर पालथं घालू नका, वाचा. निवेदिताला डॉक्टर केलं त्या माणसांच्या सह्या माझ्यात आहेत, आणि त्यांतली बरीचशी माणसं आता विचारायला उरलेली नाहीत.