भरतीचा पोरगा

आमेर्लेचा आवाज आता पूर्वीसारखा राहिला नव्हता. एवढी वर्षं भट्टीपुढे बसून मासे धुरावर सुकवले, घसा धड कसा राहील? तरी अक्रा शहराच्या त्या किनाऱ्यावर, बुकॉम वस्तीच्या गल्ल्यांत कुणालाही विचारा, ओकान्तेचं गाणं कुणी रचलं, तर बोट तिच्याकडेच जायचं.

गाणं झालं ते दुष्काळात, त्र्याऐंशी साली. पाऊस नाही, मका नाही, रानं पेटलेली. मक्याच्या चार उकडलेल्या गोळ्यांसाठी, केंकीसाठी, बाया पहाटेपासून रांगेत उभ्या. माणसांच्या गळ्याखालची हाडं वर आलेली, आणि तरी लोक एकमेकांना विचारायचे, "काय गं, नवा हार केलास वाटतं?" अशा साली बुकॉमचा बॉक्सर ओकान्ते आफ्रिकेच्या अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठी रिंगमध्ये उतरला. समोर झांबियाचा गडी, खाऊनपिऊन आलेला. सगळं बुकॉम उपाशीपोटी स्टेडियमवर जाऊन बसलं. आमेर्ले तेव्हा विशीतली. ढोल वाजवणाऱ्या बोच्वेच्या शेजारी उभी होती. नवव्या फेरीत ओकान्ते मागे सरकू लागला, दोरांना टेकला, आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं:

"भरती आली, होड्या वर ओढा,
समोर कोण उभा, त्याला घरी धाडा!"

बोच्वेच्या ढोलाने ओळ उचलली, ढोलावरून ती गर्दीत गेली. हजारो उपाशी माणसं एका ठेक्यात गायला लागली. ओकान्ते दोरांवरून सुटला तो पुढेच. एक पाऊल, एक ठोसा. एक पाऊल, एक ठोसा. अकराव्या फेरीत झांबियाचा गडी गुडघ्यांवर आला आणि परत उठला नाही.

त्या संध्याकाळी पट्टा खांद्यावर टाकून ओकान्ते गल्लीगल्लीतून हिंडला. ज्याला त्याला त्याचा हात धरायचा होता. घराघरांत खडखडाट, तरी बाया दारात येऊन पाण्याचं भांडं त्याच्यापुढे धरत होत्या. एका म्हातारीने कधीपासून लपवून ठेवलेला सार्डिनचा डबा त्याच्या हातात कोंबला. त्याने तो तिथेच फोडला आणि भोवतालच्यांच्या तोंडात एकेक तुकडा घातला. आमेर्लेच्या वाट्याला बोटभर तेल आलं. पुढे तिने आयुष्यभर मासळी विकली, खाल्ली, पण त्या तेलाची चव दुसऱ्या कशाला आली नाही.

त्या दिवसापासून ओकान्तेला सगळे 'भरती' म्हणू लागले.

आता ओकान्ते म्हातारा झाला होता. डावा डोळा पांढरा पडलेला, दुसऱ्याने होड्यांची जाळी विणायचा. आणि त्याचा धाकटा पोरगा सोवा लढायला लागला होता. सोवा पहिल्यांदा रिंगमध्ये आला तेव्हा लोक रडले. तेच खांदे, तीच मान, दात दाबून हसायची तीच तऱ्हा. आमेर्लेने आपणहून गाणं धरलं. जुन्या लोकांना वाटलं, गेलेली वर्षं परत दारात आली. लढत कुठेही असो, रिंगपाशी पुढच्या रांगेत ओकान्तेची खुर्ची ठरलेली. सुरू होण्याआधी माणसं रांग लावून त्याचा हात हातात घ्यायची, कपाळाला लावायची, आणि मग सोवाकडे वळून ओरडायची, "दाखव रे बापाचं रक्त!"

पण सोवा बापासारखा लढत नसे. तो मागे सरायचा, बाजूला व्हायचा, समोरच्याला हवेत हात मारायला लावायचा. लोकांना ते रुचत नव्हतं. ऑगस्टमध्ये, सणाच्या आठवड्यात, टेमाच्या एका साध्या गड्याशी लढत होती. गाणं टिपेला गेलं आणि सोवा एकाएकी पुढे घुसला. दोन ठोसे खाऊन सरळ आडवा झाला. उठला, कसाबसा गुणांवर जिंकला, पण भुवई फाटली ती फाटलीच.

दुसऱ्या आठवड्यात तो आमेर्लेच्या भट्टीपाशी आला. भुवईवर टाके, हातात टोपी.

"मावशी, बसू?"

"बस की. धूर लागेल पण. बसायला काय बोलावणं पाहिजे? आधी मासा खा."

त्याने मासा घेतला, खाल्ला नाही. "मावशी, ते गाणं नको म्हणूस."

आमेर्लेला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुठलं गाणं?"

"बाबांचं. तुला राग येईल, माहीत आहे मला. पण तो ढोल सुरू झाला की माझे पाय आपोआप पुढे जातात. लहानपणापासून ऐकतोय ना. डोकं म्हणतं मागे हो, पाय ऐकत नाहीत. टेमाचा तो गडी मला मारूच शकला नसता गं. मीच चालत त्याच्या मुठीवर गेलो."

"अरे, त्या गाण्यावर तुझा बाप जिंकला."

"मी बाबा नाही."

तो गेला. आमेर्लेचे हात कामात होते, पण मासे एका बाजूने करपले तरी तिच्या ध्यानात आलं नाही. तिला राग आला होता. कालचं पोर! आपण उपाशी गायलो तेव्हा हा जन्मलाही नव्हता. संध्याकाळी ओढणी डोक्याला गुंडाळून ती तडक ओकान्तेच्या घरी गेली.

ओकान्ते अंगणात जाळं घेऊन बसला होता. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. "आता तूच सांग दादा त्याला. गाणं नको म्हणतो! मग आम्ही काय तिथे मयताला आल्यासारखे बसायचं?"

ओकान्तेने सुई जाळ्यात खोचून ठेवली. "बस आधी."

ती बसली.

"झांबियावाल्याच्या वेळी मी दोरांना टेकलो होतो, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? म्हणून तर गाणं आलं."

"माझी बरगडी गेली होती आमेर्ले. श्वास घेतला की आत सुरी फिरायची. मी मुद्दाम मागे आलो होतो. एकदोन फेऱ्या अंग चोरायचं, दम धरायचा, असं ठरवलेलं. तेवढ्यात तू गायलीस. मग सगळे गायले. कुणाच्या पोटात काही नाही, आणि गातायत. मागे कसा राहू मी?" त्याने पांढऱ्या डोळ्याकडे बोट नेलं. "नंतर तीच सवय लागली. हा डोळा गेला तोही असाच, पुढे जाताना."

आमेर्लेने जाळ्याचं टोक उगाच हातात घेतलं. मग ती म्हणाली, "इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीस."

"काय बोलणार? वेडी आहेस. ती संध्याकाळ परत कुणी दिली ना, तर परत पुढेच जाईन मी. डोळा गेल्याचं वाईट नाही वाटत मला. पण पोराचे पाय माझे नाहीत, त्याच्या आईचे आहेत. तिला बाजारात भाव करताना बघितलंयस ना? कधी कुणाच्या हाताला लागली?"

आमेर्लेला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळेही भरले.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, चौकातल्या मोकळ्या रिंगमध्ये सोवाची लढत होती. समोर कुमासीचा एक आडदांड, आजवर न हरलेला. छपरांवर, झाडांवर, भिंतींवर माणसं. ओकान्ते खुर्चीत बसला, रांग लागली, हात हातात घेतले गेले. घंटा झाली आणि गर्दीने हाका मारायला सुरुवात केली, "भरती! भरती!"

"आमेर्ले, धर की," बोच्वे म्हणाला.

"नाही धरत."

"नाही म्हणजे?"

"घसा बसलाय माझा."

"बाई, तुझा घसा कधीपासूनचा बसलेलाच आहे! धर म्हणतो ना!" त्याने ढोलावर पहिला ठोका मारला. आमेर्लेने त्याच्या हातातल्या काड्या हिसकावल्या, कमरेच्या कापडात खोचल्या आणि हाताची घडी घालून उभी राहिली. बोच्वे बघतच राहिला. बायकोनेसुद्धा त्याच्या काड्यांना कधी हात लावला नव्हता.

ढोल नाही म्हटल्यावर गाणं चौकात इकडेतिकडे उठलं आणि विझलं. मग चिडलेल्या लोकांनी सोवालाच धरलं. "अरे, पळतोस काय? बाप बसलाय समोर, लाज धर!" सोवा डावीकडे सरकत होता, उजवीकडे सरकत होता, कुमासीचा त्याच्यामागे हात फिरवत येत होता. चौथ्या फेरीत मागच्या भिंतीवरून एक सूप विकणारी बाई कडाडली, "हा बॉक्सर आहे की खेकडा? धरा रे, पातेल्यात टाकते!"

सगळा चौक खो खो हसला. नेमका त्याच क्षणी कुमासीच्या गड्याने सगळं अंग टाकून ठोसा मारला. सोवा तिरका सटकला, आणि तो गडी आपल्याच जोराने दोरांवर आदळून त्यांत अडकला. हसणं थांबलंच नाही, पण आता ते दुसरीकडे वळलं होतं.

"पकड की खेकडा!" कुणीतरी कुमासीवाल्याला ओरडलं.

"बोट सांभाळ, चावेल!"

"खेकडा! खेकडा!"

बोच्वेने रिकाम्या तळव्यांनी ढोलावर थाप दिली. पुढे जाणारा ठेका नव्हता तो. दोन इकडे, एक तिकडे, मध्ये रिकामी जागा. बाया खांदे हलवून तिरक्या नाचायला लागल्या. सोवाने एकदा, फक्त एकदा, गर्दीकडे पाहिलं आणि दात दाबून हसला. मग तो कुमासीच्या गड्याला अख्खी रिंग हिंडवत राहिला, आणि प्रत्येक चुकलेल्या ठोशामागून त्याचा डावा हात निमूट जाऊन लागत राहिला. नवव्या फेरीला कुमासीचा गडी स्टुलावरून उठलाच नाही. हातच उचलत नव्हते बिचाऱ्याचे.

मग काय विचारता! माणसं रिंगवर चढली, सोवाला खांद्यावर घेतलं. आमेर्लेने बोच्वेच्या काड्या त्याच्या हातात ठेवल्या. तो ढोल गळ्यात अडकवून मिरवणुकीच्या पुढे पळाला.

ती मात्र मागे राहिली, कारण पुढच्या रांगेतल्या त्या खुर्चीकडे तिचं लक्ष गेलं. ओकान्ते एकटाच बसला होता. आजूबाजूच्या खुर्च्या उलट्यापालट्या पडलेल्या. दर लढतीनंतर त्याच्याभोवती जो गराडा पडायचा, तो आज पडला नव्हता.

"दादा, चल, घरी सोडते."

"बघितलंस? आज कुणी हात धरायला आलं नाही," तो म्हणाला.

तिला वाटलं, त्याच्या मनाला लागलं असेल. तिने त्याला उठायला हात दिला. दोघं गल्लीत शिरली तेवढ्यात मागून मिरवणूक आली. पुढे धावणाऱ्या एका तरुणाने ओकान्तेच्या खांद्याला धक्का दिला. मागे वळून न बघताच तो ओरडला, "बाबा, बाजूला व्हा, सोवा येतोय!"

आमेर्ले त्या पोराला चांगलं झापणार होती. "अरे डोळे फुटले का, कोण आहे हे..." पण ओकान्तेने तिचं मनगट दाबलं. तो खरंच बाजूला झाला. केंकीच्या दुकानाच्या भिंतीला पाठ लावून इतर माणसांमध्ये उभा राहिला आणि टाचा उंचावून बघू लागला. घामाने निथळणारा सोवा खांद्यांवरून पुढे गेला. त्याचं भिंतीकडे लक्षही नव्हतं.

ओकान्तेने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. खूप वेळ वाजवल्या. आमेर्लेने इतक्या वर्षांत त्याला टाळ्या वाजवताना कधी पाहिलं नव्हतं.