पाचव्या गिअरवरचा आळ

मित्रांनो, मला नाव नाही, आकडा आहे. पाच. वाराणसीतल्या एका छोट्या पांढऱ्या मोटारीचा मी पाचवा गिअर. आता जुना झालो. दातांच्या कडा बोथट झाल्या, आणि सध्या मी मैदागिनजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, काळ्या पडलेल्या तेलात गप्प उभा आहे. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. आमच्या गाडीत वर्षानुवर्षं बसलेल्यांनीही पाहिलं नाही. जो दिसत नाही त्याच्याविषयी माणसं वाटेल ते ठरवतात, हे मला फार लवकर कळलं.

कारखान्यात पोलाद तापवून, दात कापून, पुन्हा तापवून मला घडवलं. तिथला तपासणीस भिंगातून माझा एकेक दात असा न्याहाळी, जणू मी कुठून तरी चोरी करून आलोय. मग मला गिअरच्या डब्यात बसवलं. डब्यात म्हणायचं एवढंच. पहिले चार भाऊ आत, एका खोलीत. मला मात्र भिंतीबाहेर, पत्र्याच्या टोपीखाली जागा मिळाली, ओसरीवर पाहुण्याला निजवावं तशी. तेव्हापासून मला सारखं वाटे, की आतले चौघे माझ्याबद्दलच काहीतरी कुजबुजतात.

आमचं काम समजायला सोपं आहे. पहिला गिअर आखूड पावलं टाकतो, पण त्याचा जोर मोठा. दुसरा, तिसरा, चौथा करत पावलं लांबत जातात आणि जोर कमी होत जातो. माझी टांग सगळ्यांत लांब. गाडी मोकळ्या सडकेवर वेगात निघाली, की तेवढ्याच वेगासाठी इंजिनाला माझ्यासोबत कमी फेऱ्या माराव्या लागतात. म्हणून मला घातलं की इंजिनाचा आवाज खाली येतो. हे लक्षात ठेवा, मित्रांनो. माझ्यावर आळ आला तो एवढ्यावरूनच.

गाडी सुनीतीताईंची. त्या बँकेत अधिकारी. आईवडिलांसोबत दुर्गाघाटावर राहत. तिथल्या गल्लीत गाडी शिरत नाही, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. म्हणून गाडी मैदागिनच्या याच शेडमध्ये ठेवलेली, आणि ताई रोज तिथवर चालत येत. शहरात माझी पाळीच येत नसे. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, समोर सांड, थांबा. मी नुसता रिकामा फिरे. आम्ही सगळेच सदा फिरत असतो, पण ज्याचा हात धरला जातो तोच गाडी ओढतो. बाकीच्यांची गिरकी कुणाच्या कामाची नसते.

माझा हात पहिल्यांदा धरला गेला तो प्रयागच्या वाटेवर. पुढच्या आसनावर ताईंचे वडील, ढुंढिराज घनपाठी. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. वेदपाठ शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. बाहेर घंटा वाजोत की माकडं भांडोत, विद्यार्थ्याचा एक स्वर जरा वरखाली झाला, की मंत्र संपताच अण्णांचं बोट मांडीवर आपटे. गाडीतही त्यांचा कान तसाच उघडा. ताईंनी मला घातलं, इंजिनाचा आवाज उतरला, आणि अण्णा ओरडले, "सोडलीस! गाडी सोडलीस तू!"

"अण्णा, पाचवा घातला."

"मला शिकवतेस? गिअर घातला की आवाज बांधला जातो. हा सुटलाय!"

या ओरडण्यामागे एक जुनी जखम होती. फार वर्षांपूर्वी अण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ नरहर भाड्याच्या टॅक्सीने प्रयागला चालले होते. झुशीच्या उतारावर चालकाने पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल केली. म्हणजे कुठलाच गिअर नाही, गाडी आपल्या वजनाने घरंगळत सुटलेली. इंजिन एकदम तळाला बसलं आणि कानात फक्त वारा उरला. पुढे बैलगाडी आडवी आली. नरहरकाकांचा पाय पुन्हा कधी सरळ झाला नाही. तो उतरलेला आवाज अण्णांच्या कानात तसाच राहिला, आणि माझा आवाज त्यांना त्याच्याच घरातला वाटला.

त्या दिवसापासून माझ्यावर पहारा बसला. ताईंचा हात गिअरच्या दांड्यावर गेला की अण्णांचे डोळे त्या हातावर. "चौथ्याच्या वर गेलीस तर मी इथेच उतरेन, शेतातून चालत जाईन," म्हणत. मग आमची गाडी हमरस्त्यावर चौथ्यातच पळे, इंजिन जीव तोडून किंचाळे, मागे बसलेल्या माईंचं, ताईंच्या आईचं, डोकं भणभणे, आणि मी टोपीखाली रिकामा फिरत विचार करी, की हा सगळा चौथ्याचाच कट असणार. शेडशेजारच्या मिस्त्रीनेही आगीत तेल ओतलं. अण्णांनी विचारलं तेव्हा पान चघळत म्हणाला, "पाँचवाँ मत लगाइए गुरुजी, डिब्बा बैठ जाएगा." डबा बसला, म्हणजे निकामी झाला, तर काम त्यालाच मिळणार होतं, तरीही असं का म्हणाला, हे मला आजवर कळलेलं नाही. कदाचित त्याला फक्त पान संपवायचं होतं.

अशात ताईंना बढती आली. औराईच्या शाखेत मॅनेजर. प्रयागच्या सडकेवर रोज जायचं आणि रोज यायचं. सोमवारी हो किंवा नाही कळवायचं होतं. नाही म्हटलं तर पुन्हा कधी विचारतील याचा भरवसा नव्हता.

शनिवारी शेडपाशीच दोघांची जुंपली. अण्णा भाजी घ्यायला विश्वेश्वरगंजला आले होते, हातात मुळ्याची जुडी.

"तू रोज गाडी सोडून देणार, आणि मी घाटावर कान लावून बसू? नाही कळव."

"अण्णा, तुम्ही पण ना, हद्द करता. मी गाडी सोडत नाही."

"माझ्या कानाने ऐकलंय."

"अर्धंच ऐकलंय!" ताईंचा आवाज चढला. "विद्यार्थी चुकला असं वाटलं तरी तुम्ही पूर्ण मंत्र ऐकून घेता, मग बोट आपटता. मला मात्र पहिल्याच अक्षराला थांबवता. मी तुमच्या विद्यार्थ्यांहून वाईट आहे का?"

अण्णा मुळ्याची पानं उगाच चाचपत राहिले.

"उद्या चला माझ्याबरोबर औराईपर्यंत. पूर्ण ऐका. मग नाही म्हणालात तर मी नाही कळवीन. मान जाइए ना, अण्णा."

"आणि मधे मी काही बोलायचं नाही?"

"काही नाही."

"बघू," अण्णा म्हणाले. त्यांच्या 'बघू'वर मला काडीचा विश्वास नव्हता.

रविवारी सकाळी तिघं आले. माघाचं धुकं विरलं होतं. मागे माई, म्हणजे पद्माबाई, मांडीवर पुऱ्यांचा डबा घेऊन बसल्या. "अहो, तोंडात काहीतरी ठेवा, म्हणजे ओरडणार नाही," म्हणून त्यांनी अण्णांना सुपारी दिली. राजातालाब मागे पडलं, दोन्हीकडे मोहरीची पिवळी शेतं लागली, सडक मोकळी झाली. दुसरा, तिसरा, चौथा. इंजिन गरजू लागलं. ताईंनी एकदा वडिलांकडे पाहिलं आणि माझा हात धरला.

आवाज उतरला. अण्णांनी दाराची मूठ गच्च पकडली, डोळे मिटले. मला खात्री होती, आता ओरडतील. पण ओठ मिटलेलेच राहिले. फक्त सुपारी फुटल्याचा आवाज आला.

ताईंनी पाय दाबला, वेग वाढला, तसा इंजिनाचा सूर हळूहळू चढला. पाय उचलला, गाडी जराशी अडखळल्यासारखी मंदावली आणि सूर तिच्या मागोमाग पायरी पायरीने उतरला. पुन्हा चढला. पुन्हा उतरला. अण्णांची मान किंचित तिरपी झाली.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

"बोलायचं नाही ठरलंय," मागून माई.

"पुन्हा कर गं."

ताईंनी पुन्हा केलं. अण्णांनी मान तशीच तिरपी ठेवून ऐकलं. मग म्हणाले, "आता खरंच सोड."

"काय?"

"न्यूट्रल कर. एकदाच. सपाट आहे, पुढेमागे कुणी नाही. तो आवाज मला ऐकू दे."

"अहो, कशाला ते नको नको ते!" माई घाबरल्या.

ताईंनी आरशात पाहिलं, समोर पाहिलं, आणि दांडा मधे आणला. माझा हात सुटला. मित्रांनो, तो क्षण मी विसरू शकत नाही. गाडी धावत होती, पण आमच्यापैकी कुणीच तिला धरलेलं नव्हतं. इंजिन तळाला जाऊन एकाच सुरात गुणगुणत राहिलं. गाडी कुठल्या वेगाने जातेय, ती जातेय की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. वारा तेवढा मोठा झाला.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. "हा," ते हळूच म्हणाले. "हाच तो. झुशीचा. घाल, घाल परत."

ताईंनी मला पुन्हा जोडलं. सूर गाडीशी बांधला गेला. अण्णांनी मूठ सोडली आणि तळहात धोतराला पुसला.

"तो सुटलेला, आणि हा नुसता खालचा," ते म्हणाले. "खालच्या स्वराला मी सुटलेला म्हणत होतो. इतकी वर्षं."

 इंजिनाच्या त्या खालच्या सुरात मागच्या आसनावरून बारीक आवाजात काहीतरी ऐकू येऊ लागलं.

*लांब लांब सडक, पिवळी सरसू दोन्ही हाता,*
*लेक माझी गाडी हाकी, गंगे, पाठीशी हो आता.*

अण्णा मागे वळले. "तू गातेस?"

"नेहमीच गाते."

"गाडीत?"

"गाडीतच. तुमच्या त्या चौथ्याच्या किंचाळण्यात कुणाला ऐकू जाणार होतं!"

ताई इतक्या हसल्या की मला वाटलं, आता स्टिअरिंग सुटतंय. माझा संशयी स्वभाव, काय करणार.

औराईला बँकेची बंद इमारत बाहेरून पाहिली, पुऱ्या खाल्ल्या आणि परत फिरलो. परतताना माय-लेकींच्या गप्पा रंगल्या. मोहनसरायपाशी ट्रकची रांग लागली, गाडी रखडत चालू लागली, आणि ताई मला सोडायला विसरल्या. मित्रांनो, माझी टांग लांब आहे, पण जोर नाही. हळू गाडी ओढायला लावलं की माझा आणि इंजिनाचा दोघांचा दम निघतो. सगळी गाडी थरथरू लागली. मी मनात म्हटलं, आता पुन्हा माझ्यावरच येणार.

अण्णांचं बोट समोरच्या पट्टीवर आपटलं. टक्.

"खाली ये, सुनीती. त्याला झेपत नाहीये, ऐकू येत नाही का तुला?"

ताईंनी जीभ चावली आणि तिसरा घातला. थरथर थांबली. अण्णा खिडकीबाहेर ट्रककडे बघत होते. थोड्या वेळाने तिकडेच बघत म्हणाले, "रोज मोहनसरायला आठवणीने खाली उतरत जा. तिथे तू विसरशील."

"रोज?" ताईंनी विचारलं.

"मग काय, वर्षातून एकदा बँकेत जाणार आहेस?"

मागे माईंनी ओवी पुन्हा धरली. या वेळी त्यांनी आवाज मुळीच बारीक ठेवला नाही.

पुढची पुष्कळ वर्षं ताईंनी त्या सडकेवर माझा हात धरला. ती माझी कामाची वर्षं. मग त्यांची बदली लखनौला झाली आणि गाडी दुसऱ्याकडे गेली. नवा मालक तरुण आहे, गाणी मोठ्याने लावतो, आणि लहुराबीरच्या गर्दीतही मला जुंपतो. डब्यातलं तेल बदलायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आता तर तो महिनोन् महिने शेडकडे फिरकत नाही.

माझं मागणं मोठं नाही, मित्रांनो. मोकळ्या सडकेवर आम्हाला विसरू नका, आणि गर्दीत, चढावर आम्हाला ओढायला लावू नका. तेल काळं पडलं की बदला. आणि गाडीचा असो की माणसाचा, एखादा आवाज कानाला खटकला, तर संशय जरूर घ्या. पण जवळ बसून घ्या, गाणी बंद करून घ्या, आणि आवाज पूर्ण ऐकून होईपर्यंत बोट वर उचलून धरा.