सिनेमात नव्हतं ते

गोंदियाच्या त्या बिडी कारखान्यात सोमवारी सिनेमा सांगायची पद्धत होती. रविवारी ज्यानं सिनेमा पाहिला त्यानं तो सोमवारी ओळीतल्या माणसांना सांगायचा, आणि तो सांगत असेपर्यंत त्याच्या वाटणीच्या बिड्या बाकीच्यांनी वळायच्या. मांडीवर सूप घेऊन चाळीस माणसं बसलेली असायची. हात कामात, कान मोकळे. त्या कानांना साधं काही चालत नसे. रडणाऱ्या सुना आणि भांडणारे भाऊ प्रत्येकाच्या घरी होतेच. त्यांना भुतं लागायची, उडणारे घोडे लागायचे, जादूगार लागायचे.

सांगणारे तिघेच होते. कवडू जादूचे सिनेमे सांगायचा. नंदलाल गोंदिया शहरातला, तो इंग्रजी सिनेमे पाहायचा आणि त्यातलं अर्धं स्वतःच्या मनानं समजून घ्यायचा. एकदा त्यानं चंद्रावर जाणाऱ्या माणसांचा सिनेमा सांगितला.

"वहाँ हवा नहीं. सर पे काँच का मटका डाल के घूमते हैं."

"हवा नाही तं बिडी कशी पेटवतेत?" कवडूनं विचारलं.

"बिडी नहीं पीते."

"मंग गेले कायले तिथं?"

तिसरा शालीकराम. तो नागऱ्याहून रोज पायी यायचा. भुताचे सिनेमे त्याचे. त्याच्यासारखं सांगणारा ओळीत दुसरा कोणी नव्हता, आणि हे त्यालाही माहीत होतं.

त्याचा सगळ्यात गाजलेला सिनेमा बाळंतिणीच्या भुताचा. एका जमीनदाराची बायको बाळंतपणात मरते. तिचं पोर एक दाई पाजते. मेलेली बाई रोज खिडकीशी येऊन पोराला पाहते. दाई भिते, तापानं फणफणते आणि घर सोडून जाते. सिनेमात दाईचं एवढंच होतं. पण त्या सोमवारी कवडूनं आधी सात डोक्यांचा राक्षस सांगून ओळ मुठीत घेतली होती. शालीकराम अर्ध्यावर आला तर दोघंतिघं पाणी प्यायला उठायला लागले. तेव्हा त्यानं आपल्या पदरचं घातलं. मेलेली बाई म्हणते, माझं पोर दुसरीनं पाजलं, तर दुसरीचं पोर माझं. मग दाईचं स्वतःचं पोर दिवसागणिक वाळत जातं. दूध पितापिता त्याच्या तोंडातून माती निघायला लागते. नवव्या दिवशी दाई पदर बाजूला करते तर मांडीवर नुसतं फडकं.

उठलेले खाली बसले. चाळीस माणसांचे हात थांबले. मुनीम ओरडत आला तेव्हा कुठे ते पुन्हा चालू लागले.

घरी येऊन त्यानं बायकोला, रुख्माला, ते सांगितलं. ती भाकर थापत होती. ती म्हणाली, "लोकाईले कायले फसवता जी?" आणि हसली. तो तुकडा सिनेमात नव्हता हे तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. पुढं दोन वर्षांत लोकांनी त्याच्याकडून तो सिनेमा दहा वेळा सांगून घेतला. दर वेळी माती निघाली.

माघात रुख्मा बाळंत झाली. पोरगी झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रुख्मा गेली. तिच्यासाठी आणलेला डिंक पुडीतच राहिला.

शेजारच्या बकारामची बायको सुमित्राबाई. तिचा पोरगा आठ महिन्यांचा होता. कोणी सांगायच्या आधी तिनं येऊन पोरगी उचलली आणि पदराखाली घेतली. बकाराम कारखान्यात शालीकरामच्या शेजारीच बसायचा. तो म्हणाला, "दोघं पितीन. आटत नाही ते." रुख्माची आई धुरपताबाई देवरीकडून येऊन राहिली. ती पोरगी सांभाळायची, भुकेच्या वेळी भिंतीपलीकडे नेऊन द्यायची. असा महिना गेला. पोरीच्या गालांवर मांस आलं.

तेरवी झाल्यावर शालीकराम कामावर गेला. पहिले तीन सोमवार कोणी त्याला सिनेमा सांगायला लावला नाही. चौथ्या सोमवारी सांगायला कोणाकडेच नवा सिनेमा नव्हता.

"शालीक, वो चुडैलवाली सुना," नंदलाल म्हणाला.

"नाही."

"काऊन गा? लय दिवस झाले," कवडू म्हणाला.

"सांगत नाही म्हन्लं ना."

मग नंदलालनंच सांगायला घेतला. त्याला सगळं पाठ होतं. मध्येमध्ये तो आणि कवडू हुज्जत घालत होते. कवडूचं म्हणणं, भुतीण खिडकीतून पाहते हेच चूक, खरी आढ्यावर बसते. नंदलालचं म्हणणं, तिच्या अंगावर पांढरं लुगडं चूक, सवाष्ण मेली तर हिरव्यातच येणार.

"आपुन कायले भांडून राहिलो?" कवडू म्हणाला. "शालीकरामले विचारा. याच्या घरी खुद्द हाये. तिकीट काढा लागत नाही."

ओळ हसली. शालीकरामनं पान कापलं, तंबाखू भरली, दोरा बांधला. त्याच्या शेजारी बकाराम हसला नव्हता. नंदलाल मातीपर्यंत आला तेव्हा बकारामच्या हातातली बिडी उलगडली आणि तशीच राहिली.

गुरुवारी बकारामच्या पोराला ताप आला. शुक्रवारी ते अंगावर पिईना. शुक्रवारी संध्याकाळी धुरपताबाई पोरगी घेऊन भिंतीपलीकडे गेली, आणि तशीच परत आली. दार लावलेलं होतं.

शालीकराम गेला. बकाराम दारात उभा राहिला, आत ये म्हणाला नाही.

"दादा, ताप सगळ्याच पोराईले येऊन राहिला."

"येऊन राहिला असन."

"ते दाईच्या पोराचं सिनेमात नाही. ते मी घातलो. मनानं."

"दोन वरस सांगतलास. दहा खेप सांगतलास. तवा खरं होतं, आता तुह्या पोरीले दूध पायजे तं खोटं झालं."

"रुख्माले ठाऊक होतं."

"तिले विचारू का मंग?" बकाराम म्हणाला.

शेळीचं दूध पोरीच्या पोटात टिकेना. कापसाची वात बुडवून तोंडात धरली तर ती चोखायची आणि घटकाभरानं सगळं बाहेर टाकायची. रविवारी सकाळी शालीकराम गोंदियाला गेला आणि नंदलालला गाठलं. तो सिनेमा आता कुठं चालू असेल का, असं त्यानं विचारलं. असली माहिती नंदलालकडे असायचीच. आमगावात तंबूची टॉकीज लागली होती, त्यात तोच चालू होता.

परत येऊन शालीकरामनं बकारामचे पाय धरले. "एकडाव पाहून घे. माती निघाली तं मी पुन्हा तुह्या दारी येनार नाही."

बकाराम यायला तयार झाला. त्यालाही ते खोटं निघायलाच हवं होतं. पोरगी त्यानं महिनाभर आपल्या अंगणात पाहिली होती.

दोघं दुपारच्या पॅसेंजरनं आमगावला गेले. अंधार पडताच खेळ सुरू झाला. शालीकरामनं भुताचा सिनेमा आयुष्यात पहिल्यांदा भीत भीत पाहिला. जमीनदाराची बायको मेली. पडद्यावरचं पोर रडलं तशी त्यानं मान खाली घातली. मग दाई आली. तिनं पोर मांडीवर घेतलं, आणि खिडकीशी सावली आली.

"आता पाय, दादा," तो म्हणाला.

पडदा पांढरा झाला. लोकांनी शिट्ट्या घातल्या. थोड्या वेळानं चित्र परत आलं तेव्हा जमीनदार घोड्यावर बसून मांत्रिकाला आणायला निघाला होता. दाई पुन्हा दिसलीच नाही. ती घर सोडून गेली की मेली, तिच्या पोराचं काय झालं, काहीच नाही.

खेळ संपल्यावर शालीकराम मशीनवाल्याकडे धावला. मशीनवाला रीळ गुंडाळत होता.

"टूटा हुआ है, भाई. चालीस गाँव घूम के आया. जहाँ टूटता है वहाँ काट के जोड़ देते हैं."

"तो तुकडा कुठं हाये?"

"फेंक दिया होगा किसी ने."

रात्र त्यांनी आमगावच्या फलाटावर काढली. सकाळच्या गाडीत बसल्यावर बकारामनं विचारलं.

"तेवढाच कायले तुटला?"

"फिलिम जुनी झाली."

"जमीनदार तुटला नाही. मांत्रिक तुटला नाही. तेवढाच तुटला." तो खिडकीबाहेर पाहत होता. "सरकारनं कापला असन. पाहून कुठं पोरं मेली असतीन."

घातलेलं बाहेर काढायला शालीकरामकडे काही नव्हतं. सिनेमा असा पाहायचा असतो हे त्यानंच ओळीला शिकवलं होतं. जे दिसत नाही तेच सगळ्यात भयंकर, असं तो नेहमी म्हणायचा.

गोंदिया आल्यावर बकाराम म्हणाला, "सुमित्राचं मन वाईट नाही. पोराचा ताप उतरला. पन ती म्हन्ते, नवरा कबूल करत नाही तवरी रुख्मा हटत नाही. पुजाऱ्याले बोलाव. तुह्या उंबऱ्यात खिळे ठोकून घे. आनि ती येते म्हून चारचौघात सांग. मंग पाजीन."

"ती येत नाही, दादा."

"मंग तुही मर्जी."

हे सोमवारी झालं. मंगळवारी पोरगी रडत होती. बुधवारी सकाळपासून तिचं रडणं बंद झालं. दुपारी शालीकरामनं पुजाऱ्याला बोलावलं.

लोक जमले. बाया भिंतीला धरून उभ्या राहिल्या. कारखान्यातून कवडू आणि नंदलालही आले होते, त्यांनी अर्धा दिवस बुडवला होता. सुमित्राबाई आपल्या दारात होती, एक हात कडीवर. धुरपताबाई पोरीला घेऊन चुलीजवळ बसली होती. पुजाऱ्यानं उंबऱ्यापुढं मोहरी टाकली आणि खिळे मांडले.

"येते का?" त्यानं विचारलं.

"येते," शालीकराम म्हणाला.

"असं नाही. कशी येते, काय म्हन्ते, सारं सांग. अर्धं सांगतलं तं अर्धी राहते."

शालीकरामनं पोरीकडे पाहिलं. तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मग त्यानं सांगायला सुरुवात केली.

त्याला दुसरं काही येत नव्हतं, हे मात्र चांगलं येत होतं. कुठं आवाज खाली आणायचा आणि कुठं थांबायचं, त्याचा त्याला विचार करावा लागत नव्हता. ती नाल्याकडून येते म्हणाला. लुगडं हिरवं, ओलं. आधी बांगड्या वाजतात, मग कुत्रं गप होतं. चुलीशी बसते आणि राख चाळते. तिच्या पदरातून दूध गळतं आणि जमिनीवर पडलं की काळं होतं. एका बाईनं तोंडात पदर कोंबला. कवडूचं तोंड उघडं राहिलं. रुख्माचा चेहरा शालीकरामनं असा सांगितला की त्यालाही तो तसाच दिसला, आणि तिचा खरा चेहरा कसा होता ते त्या घटकेला त्याला आठवेना.

तेवढ्यात त्याला दिसलं, सुमित्राबाईचा हात कडी ओढत होता. त्यानं जास्तच चांगलं सांगितलं होतं.

"पन काल ती बोलली," तो घाईनं म्हणाला. "म्हनली, सुमित्राबाई माही बहीन. तिच्या पोराले मी हात लावनार नाही. पोरगी तिची. मले फक्त बाहेर काढा."

कडीवरचा हात थांबला.

पुजाऱ्यानं दोन खिळे ठोकले. तिसरा शालीकरामच्या हातात दिला. शेवटचा नवऱ्यानं ठोकायचा असतो. या उंबऱ्यावर रुख्मा दर शुक्रवारी हळद लावायची. त्यानं चार घावांत खिळा बसवला.

"सिनेमा में ऐसा मज़ा नहीं," नंदलाल कवडूला हळूच म्हणाला. कवडूनं मान हलवली.

सुमित्राबाई आली. तिनं खिळ्यांवरून पाय टाकला नाही. धुरपताबाईनंच पोरगी बाहेर आणून दिली. सुमित्राबाई अंगणात भिंतीला टेकून बसली आणि पदर घेतला. पहिल्यांदा काही झालं नाही. मग चुटुक चुटुक आवाज यायला लागला. शालीकराम तो ऐकत उभा राहिला. माणसं पांगली.

धुरपताबाई त्याच्याजवळ आली. महिनाभर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली होती.

"जवाई, तुमी पायले तिले?"

सुमित्राबाई चार हातांवर होती. पोरगी पीत होती.

"पायलो," शालीकराम म्हणाला.

म्हातारीनं मान हलवली.

"वाळली होती का जी माही पोरगी? काही खात असन का?"

"नाही, माय," तो म्हणाला. "बरी होती."

"मले काऊन नाही दिसली?" म्हातारीनं विचारलं. "मी तं रोज चुलीपाशीच निजतो." आणि उत्तराची वाट पाहत ती तिथंच बसली.