जाळी कोणी काढली

थोरलीनं पोछा पिळला आणि प्रेस मशीनच्या पायाशी आपटला. सांडलेलं तेल पुसायला बोलावलं होतं, पण तेल गेलं खड्ड्यात. तिचे कान पलीकडे लागले होते. तिथं तिची धाकटी बहीण उभी होती, उजव्या हाताला हे एवढं बँडेज. दोन बोटं याच मशीननं खाल्ली होती. समोर मशीन बनवणाऱ्या कंपनीचा जपानी इंजिनीयर वही उघडून उभा. आणि मध्ये दुभाषा म्हणून कोण, तर सुपरवायझर!

"हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली पुढची लोखंडी जाळी कोणी काढली, विचारतायत," तो म्हणाला.

"मी नाही काढली. तुम्हीच काढलीत, साहेब. माल भरभर निघावा म्हणून." धाकटीनं इंजिनीयरकडे मान केली. "तेवढं सांगा त्यांना."

"सांगतो की."

आणि सांगितलं त्यानं. धाकटीकडे बोट करून, अगदी साळसूदपणे.

"हाझुशिमाशिता."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्याला लाज कशी वाटत नाही! काढली, म्हणाला. हिनं काढली! धाकटी बिचारी मान डोलवत होती, आपलं म्हणणं पोचलं अशा समजुतीनं. इंजिनीयर लिहून घेत होता. एकदा ते कागदावर उतरलं की हिची नोकरी गेलीच. आणि दोन बोटं गमावलेल्या बाईला दुसरीकडे दारात तरी कोण उभं करणार?

पण आपल्याला येतं काय? त्या भाषेत साधं पाणी मागता येत नाही. कारखान्यातली पाच-सहा क्रियापदं तेवढी शेपटांसकट पाठ. माशिता म्हणजे झालं, मासेन देशिता म्हणजे झालंच नाही. बास.

तिनं पोछा भिंतीला टेकवला, ओले हात ॲप्रनला पुसले आणि तिघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"ए, तू कुठं मध्येच कडमडतेस? आपलं काम कर!"

तिनं सुपरवायझरकडे पाहिलंही नाही. धाकटीचा बँडेजचा हात धरून वर केला.

"हाझुशिमासेन देशिता." खणखणीत. मग बोट वळवून सुपरवायझरच्या छातीवर रोखलं. "हाझुशिमाशिता!"

इंजिनीयरचं पेन थांबलं. त्यानं तिला घाईघाईनं काहीतरी विचारलं. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तिनं पुन्हा तसंच बोट दाखवत तेच म्हटलं, आणखी मोठ्यानं. इंजिनीयरनं वहीतली ओळ खोडली आणि तो सुपरवायझरकडे नुसतं बघत राहिला.

"हे... हे तुला कोणी शिकवलं?" सुपरवायझरच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"तुम्हीच की, साहेब." तिनं रोखलेलं बोट खाली घेतलं नाही. "मंगळवारी आणि शुक्रवारी वरच्या खोलीत जपानीचा वर्ग घेता ना? उच्चार, अर्थ, सगळं छान लिहिता. तो फळा मीच पुसते. आधी वाचते, मग पुसते."