फाटकी चटई आणि पितळी कॉर्नेट

फुंकलं नाही तर मी म्हणजे वळवलेली पितळेची नळी, दुसरं काही नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी थोडी बढाई मारली तरी माझी खरी लायकी तुम्हांला ठाऊक असेल. मी एक जुना कॉर्नेट आहे, बँडमध्ये वाजतो त्या जातीचा. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठच्या वेरिंगा गावातल्या स्मारक सभागृहात माझा मुक्काम असतो.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा या गावच्या आयांनी जर्दाळूचा मुरंबा विकून मला इंग्लंडहून मागवलं. त्यांची पोरं परत आली नव्हती. त्या पोरांसाठी दर पंचवीस एप्रिलला पहाटे सलामी वाजवायची, हे माझं काम. सगळं गाव दगडी खांबापाशी थंडीत उभं राहतं आणि एका माणसाच्या छातीतली हवा माझ्यात शिरते. नुसती हवा! ती बाहेर पडते तेव्हा भलेभले म्हातारे रडतात. हे कसं होतं, ते मला अजून उमगलेलं नाही, आणि उमगू नये असंच वाटतं.

माझा सगळ्यात लाडका वादक मर्व टिंडल. द्राक्षमळ्याचा मालक, तोंडाने फटकळ, पण शेवटचा सूर असा अलगद सोडायचा की तो कधी संपला ते कळतच नसे. लोक त्याची पाठ थोपटत आणि त्याची बायको डॉट मला मऊ फडक्याने पुसून ठेवी. मग मर्वचे दात गेले. कवळी बसवून त्याने एका पहाटे सलामी धरली, तर मधेच सूर फाटला. पोरं फिसकन हसली. मर्वने मला पेटीत घातलं, पेटी कपाटात कोंबली, आणि पुढच्या वर्षापासून सलामीची ध्वनिफीत लागू लागली. कागदी बश्यांच्या शेजारी पडून पडून मी हिरवा झालो.

कपाटातून दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. एकदा दवाखान्यावरून मोठी सभा झाली. टोंगा बेटांवरून बरीच माणसं इथे द्राक्षं तोडायला येतात. काहींचे राहण्याचे परवाने संपतात, तरी ती राहतात, कारण मळेवाल्यांना माणसं हवी असतात आणि त्यांना घरी पैसे धाडायचे असतात. गावचा सरकारी दवाखाना सरकारी आरोग्य-कार्ड न विचारता त्यांनाही तपासत असे. आता कार्ड विचारायचं की नाही, असा ठराव होता.

“डॉटचा गुडघा किती महिने रांगेत आहे,” मर्व म्हणाला. “जन्मभर कर भरला मी. आणि पुढे नंबर कुणाचा?”

सभागृहाचा अध्यक्ष कॉलिन बीझली उभा राहिला. “जे तिकडे रीतसर अर्ज करून वाट बघत बसलेत, ते काय वेडे आहेत? आणि आपलं म्हणून इथे काही राहणार आहे का? रविवारी या हॉलमध्ये आपलं एक गाणं ऐकू येत नाही.”

“तू शेवटचा कधी गायलास, कॉलिन?” डॉटने विचारलं. लोक हसले. मग ती नवऱ्याकडे वळली. “आणि मर्व, तुला मळ्यात हात हवेत. हाताला माणूस चिकटून येतो, त्याला कोण काय करणार?”

ठराव पुढच्या सभेवर गेला. रीतसर वाट बघणाऱ्यांबद्दल कॉलिनने जे विचारलं त्याला मात्र कुणी धड उत्तर दिलं नाही. मलाही ते सापडलेलं नाही.

रविवारी हॉल टोंगाच्या माणसांच्या प्रार्थनेसाठी असे. एकदा प्रार्थनेनंतर जेवणाच्या बश्या शोधायला फेलेतीने माझं कपाट उघडलं. फेलेती म्हणजे एक आडदांड, लाजरा माणूस, परवाना संपलेल्यांपैकीच. तिकडच्या शाळेच्या बँडमध्ये तो वाजवायचा. त्याने मला बाहेर काढलं, बाहीने पुसलं आणि एक भजन धरलं. मित्रांनो, मी कित्येक छात्या पाहिल्या, पण हा श्वास म्हणजे भरतीची नदी होती. मागून बायका-पुरुषांनी आपापल्या पट्टीत गळे मिसळले, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. माझ्या अंगात एवढा आवाज दडलेला होता हे मलाच माहीत नव्हतं. मी थक्क झालो.

तेवढ्यात हॉलला कुलूप लावायला मर्व आणि डॉट आले.

“ठेव ते खाली,” मर्व म्हणाला.

“चुकलं माझं. बश्या शोधत होतो,” म्हणत फेलेतीने मला टेबलावर ठेवलं.

मर्व मात्र हलेना. डॉट दवाखान्यात चहा वाटायला जायची, तिला सगळी खबर असे. ती म्हणाली, “याला मागच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला होता, मर्व. आपल्याच दवाखान्यात पडून होता. या छातीवर तुझाच कर खर्च झालाय. वाजवू दे की, वसूल तरी होईल.”

मर्वने कोटाच्या खिशातून एक छोटी पितळी वाटी काढली. वादक ओठांना लावतो ती. स्वतःची. वाजवणं सोडून वर्षं झाली होती, तरी ती त्याच्या खिशात होती. त्याने ती सदऱ्याला पुसली.

“पेटीतली भिकार आहे,” तो म्हणाला. “ही लाव.”

तो सबंध हिवाळा मर्वने फेलेतीला सलामी शिकवली. “घाई कसली? बस चुकतेय का तुझी?” असं खेकसत शिकवली. मधूनच म्हणे, “दवाखान्याबद्दल माझं मत तेच आहे हं.” फेलेती म्हणे, “माहीत आहे. पुढचा सूर सांगा.”

वसंतात मर्वने अंथरूण धरलं. त्याने फेलेतीला बोलावून सांगितलं, “मला पुरताना तू वाजव. फीत लावलीत तर शवपेटीतून उठून बसेन.”

फेलेतीची बायको आना त्याला म्हणाली, “तिथे पोलीस सार्जंट असणार, पेपरवाला असणार. तुझा फोटो आला की आपण गेलो. आपल्या पोरीची, लोसेची, शाळा गेली.”

“मग काय, म्हाताऱ्याला फीत ऐकवू?” फेलेती म्हणाला.

आना उठली आणि तिने त्याचा काळा सदरा इस्त्री करायला घेतला.

मर्वच्या दफनाला फेलेती कमरेला एक चटई गुंडाळून आला. जुनी, कडा झडलेली, धागे लोंबणारी. माणसांत कुजबुज उठली. कॉलिन लाल होऊन पुढे आला. “लाज नाही वाटत? एवढ्या माणसाच्या मयताला हे फाटकं नेसून?”

फेलेतीने मान खाली घातली. आना बोलली. “लांबचा कुणी गेला तर आमच्यात चांगली चटई नेसतात. स्वतःचा बाप गेला की सगळ्यात फाटकी. याच्या बापाच्या मयताच्या वेळची आहे ही.”

कॉलिनने टोपी काढली आणि बाजूला झाला.

त्या दिवशी मी जसा वाजलो तसा आयुष्यात कधी वाजलो नाही. मर्वने शिकवलेला शेवटचा सूर फेलेतीने इतका अलगद सोडला की नदीवरचे काकाकुवेसुद्धा थांबले. टोंगाचा एक श्वास, इंग्लंडचं पितळ आणि इथल्या मातीत निघालेला म्हातारा. कोण कुठलं हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

फोटो छापून आला. मग सरकारी पत्र आलं. उन्हाळ्यात फेलेती, आना आणि छोटी लोसे परत निघाली. दवाखान्याचा ठराव अजून पुढच्याच सभेवर आहे.

त्यांना बसपर्यंत सोडायला कोण गेलं, सांगू? कॉलिन. “नियम तो नियम,” तो गाडीत चढताना म्हणाला, आणि त्यांच्या जड पेट्या स्वतः उचलून मागे ठेवल्या. आनाच्या हातात त्याने केकचा डबा दिला. बसपाशी फेलेतीने मला कॉलिनच्या हवाली केलं.

“एप्रिलला कोण वाजवणार?” फेलेतीने साधेपणाने विचारलं.

बस गेली तरी कॉलिन मला धरून उन्हात उभा होता.

मित्रांनो, मी आता कपाटात नाही. कॉलिनच्या द्राक्षं भरायच्या शेडमध्ये आहे. जे आपलं म्हणून मिरवता ते कुलपात घालू नका, एवढीच माझी विनंती. त्यात स्वतःचा श्वास घाला, आणि चांगल्या छातीचा कुणी भेटला तर त्यालाही घालू द्या. नाहीतर ते हिरवं पडतं, माझ्यासारखं.

रोज संध्याकाळी कॉलिन मला फुंकतो. पोट दुखणाऱ्या वासरासारखा आवाज निघतो. काल डॉट चहा घेऊन आली आणि दारात उभी राहून ऐकत राहिली.

“तो वरचा सूर काही लागत नाही,” कॉलिन घाम पुसत म्हणाला. “फेलेती ओठांचं काय करायचा गं तिथे?”

“मला काय विचारतोस? त्याला विचार. तिकडे फोन आहेत.”

कॉलिनने हात पँटला पुसले आणि तिच्याकडे नंबर मागितला.