इस्त्रीचा ठोका

आमच्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत रजया वाळत टांगलेल्या असतात. त्यांच्या मधोमध उभं राहून बोललं तर आवाज भिंतीवर आपटत नाही, हा शोध माझ्या भाचीनं लावला. तेव्हापासून ती आणि तिच्या दोन मैत्रिणी दुपारच्या माइक घेऊन रजयांत शिरायच्या आणि रॅप रेकॉर्ड करायच्या. भाचीनं स्वतःचं नाव ‘ठिणगी’ ठेवलं होतं. “ठिणगी कसली, अख्खी काडेपेटी आहे,” सासूबाई म्हणायच्या.

त्यांचं पहिलं गाणं अंधाऱ्या जिन्यावर होतं. गल्ली पोट धरून हसली. मग ते गाणं ज्याच्या त्याच्या फोनवर वाजायला लागलं आणि जिन्यात दिवा लागला. हसणारेच आता फर्माइशी घेऊन यायला लागले.

पुढच्या खोलीत माझी धाकटी जाऊ इस्त्री करते. शब्द तिच्या ओठांशी येतो आणि दारात अडकलेल्या कपाटासारखा होतो, ना आत ना बाहेर. म्हणून ती गिऱ्हाइकांशी खुणांनीच बोलते. अर्ध्या गल्लीला ती मुकीच वाटते. नळाला गंजकं पाणी यायला लागलं, पांढऱ्या चादरी पिवळ्या पडल्या, तेव्हा लोक तिच्या टेबलावर चादरी आपटून गेले. तिनं त्या पुन्हा भिजत घातल्या. भांडायला मी आहेच. देवानं तिच्या वाटणीचंही तोंड मला दिलंय.

एका दुपारी मुलींनी नवी बीट लावली होती. जाऊ आपल्या नादात इस्त्री उचलत होती, ठेवत होती. ठक. ठक. आणि त्या ठोक्यावर ती बोलायला लागली, पिवळ्या चादरींचं, गंजक्या नळाचं. सरळ, सलग, कुठेही न अडखळता.

मी हातातली बादली खाली ठेवली. रजयांमधून तीन डोकी बाहेर आली. एका घरात राहून, एका चुलीवर जेवून, हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

“मामी,” ठिणगी हळूच म्हणाली, “रविवारी अंगणात आमचा कार्यक्रम आहे, तिथे हे म्हणायचं. सगळ्यांसमोर.”

“लो-लोक ह-हसतील.”

“हसू देत की! आम्हाला काय ओवाळलं होतं?”

जावेनं तीन शर्टांची घडी घातली आणि हो म्हणून मान हलवली. नंतर मला एकटीला गाठून म्हणाली, “ताई, अ-अडकले ना, तर पुन्हा क-कधी तोंड उघडणार नाही.” ती बोलेल ते करते, हे मला माहीत होतं. माझीच झोप उडाली.

रविवारी अंगण भरलं. पाणीखात्याचे साहेबही आले, त्यांचे कपडे आमच्याकडेच असतात. भाचीनं दोन गाणी म्हटली, मग जावेच्या हाती माइक दिला. बीट सुरू झाली.

“पांढरी चादर आणलीत, पिवळी घेऊन गेलात,
दोष माझ्या हाताला, अन् गंज सगळा नळात...”

साहेबांनी पाय जवळ घेतले. आणि तेवढ्यात फट्! बीट बंद, माइक बंद. फ्यूज उडाला होता.

सासूबाई! नुसतं बसून ऐकायची सवय नाही. मागे टेबल लावून उरलेल्या उशांचे अभ्रे उरकत होत्या, आणि मोठी इस्त्री त्यांनी स्पीकरच्याच वायरीवर जोडली होती.

“मी... मी... मी...” जाऊ अडकली. मान ताठ, डोळे मिटलेले. मागून कुणीतरी खुदकन हसलं. माझ्या या तोंडाचा काडीचा उपयोग नव्हता.

ठक.

सासूबाईंनी इस्त्री उचलून टेबलावर ठेवली होती. ठक. पुन्हा उचलली. ठक. या घरात रोज, दिवसभर वाजणारा तो ठोका. त्यांच्या कानांनी तो कधी टिपून ठेवला होता, कोण जाणे.

जावेनं डोळे उघडले.

“मी बोलत नाही म्हणून मला दिसत नाही का?
नळ ज्यानं बसवला, त्याला कुणी पुसत नाही का?”

माइक नव्हता, तरी शेवटच्या गच्चीपर्यंत ऐकू गेलं. कुणी पायानं ठोका धरला, कुणी कठड्यावर, कुणी पिंपावर. अख्खी गल्ली एका छातीसारखी वाजत होती. ज्या बाईनं चादर आपटली होती, ती पदरानं डोळे पुसत होती. मी रडले नाही. कुणी काही सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पाण्याचं म्हणाल, तर पाइप अजून बदलायचाय. खड्डा मात्र दुसऱ्याच दिवशी खणला.

त्या दिवशी शेवटच्या ओळीनंतर टाळ्या थांबेनात. जाऊ घामानं भिजलेली, सासूबाईंकडे वळली. ठोका नव्हता, बीट नव्हती, सगळे ऐकत होते. तरी बोलली.

“आ-आई, म-मधे एकदा ता-ताल चुकला तुमचा.”

कुणीही हसलं नाही. सासूबाईंनी पदर खोचला, थंड इस्त्री उचलली आणि जन्मात पहिल्यांदा सुनेचं ऐकलं.

“बरं बाई. घे पहिल्यापासून.”