पिवळा की चंदेरी

"आधी तो झाडू खाली ठेवा," असं म्हणत विहीणबाई गॅलरीच्या दारात दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

काकूंनी झाडू खाली ठेवला नाही, पण मारलाही नाही. समोर लेकीची सासू उभी असताना झाडू उगारणं बरं दिसलं नसतं. "अहो, पण केवढा कोळी आहे तो," त्या म्हणाल्या. "कपडे वाळत घालायचे म्हणजे जीव मुठीत धरून घालावे लागतात."

"कोळी नाही, कोळीण आहे. नर असतो एवढासा. जाळ्याच्या कडेला गप्प बसून राहतो."

"सगळीकडे तेच," काकू म्हणाल्या आणि आत चहा पिणाऱ्या नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं.

शेडकाकांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाची शेड जुळवून देणं हे त्यांचं काम, म्हणून अख्खं गाव त्यांना शेडकाका म्हणायचं. कुणी भिंतीचा टवका आणावा, कुणी दाराची ढलपी. काका ती घेऊन दुकानाच्या दारात उजेडाला जायचे, डोळे बारीक करायचे आणि यात काय किती घालायचं ते सांगायचे. मालकांनी मध्यंतरी रंग मिसळायचं मशीन आणलं. त्या मशीनवर आता कापड घातलेलं असतं, आणि त्या कापडाचा रंगसुद्धा काकांनीच निवडून दिला होता. डब्यावरचं लेबल वाचायचं म्हणजे तर काकांना कमीपणा वाटायचा. झाकण उघडायचं, बघायचं, संपलं. लेबलं काय, कारखान्यात कुणीही चिकटवतो, असं ते म्हणत.

विहीणबाई सध्या त्यांच्याकडे राहायला होत्या, कारण लेक-जावयाच्या नव्या घरात रंगकाम चालू होतं आणि रंगाच्या वासाने त्यांचा घसा धरायचा. हयातभर त्यांनी शाळेत गणित शिकवलं आणि अर्धा गुण कुणाला फुकट दिला नाही. स्वतःच्या मुलालाही नाही, हे जावई अजून सांगत असे. निवृत्तीनंतर काही लोक देवधर्माला लागतात, काही शेअरबाजाराला. विहीणबाई कोळ्यांना लागल्या. येताना त्यांच्या पिशवीत दोन साड्या, घशाच्या गोळ्या, एक भिंग आणि कोळ्यांचं एक जाडजूड सचित्र पुस्तक होतं.

"इकडे या सगळे," त्यांनी वर्गात हाक मारावी तशी हाक मारली. "हे बघा. जाळ्याच्या मधोमध ही पांढरी नागमोडी नक्षी दिसते? सही केल्यासारखी? म्हणजे घराणं ठरलं. आता या घराण्यात एकसारख्या दिसणाऱ्या बहिणी बहिणी आहेत. एक पिवळ्या पट्ट्यांची, गांधीलमाशीसारखी. एक पंचकोनी पाठीची. आणि एक चंदेरी. चौथी एक आहे, तिचं जाळंच सोनेरी असतं, पण ती दुसऱ्या घराण्यातली, लोक उगाच घोटाळा करतात. ही आपली चंदेरी."

"पिवळी," काका म्हणाले.

ते सहज बोलले होते. कपातला चहा संपत आला होता, आणि रंगाचा विषय निघाला की तोंडातून शेड बाहेर पडणं ही त्यांची चाळीस-एक वर्षांची सवय होती.

"चंदेरी हो, व्याही."

"तुम्ही म्हणता तर असेलही," काका अगदी नम्रपणे म्हणाले. विहीणबाईंशी वाद घालून लेकीच्या संसारात कालवाकालव कोण करणार? पण रंग म्हटल्यावर जीभ ऐकेना. "फक्त एवढंच, की ती पिवळी आहे. लिंबाच्या जरा पुढची. जुनी झालेली हळदी म्हणा."

"मधे बारीक पिवळ्या रेघा आहेत, मान्य. पण पाठ चांदीची आहे. आणि तसंही, कोळी ओळखताना रंगावर जायचंच नाही. पाठीचा आकार बघायचा. लांबट, मागे निमुळता. पाय बघायचे."

"रंगावर जायचं नाही?" काकांनी कप खाली ठेवला. असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. "मग कशावर जायचं?"

"सांगितलं की. पाठीवर."

काकांनी मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. "अगं, तू सांग. कोणता रंग आहे?"

काकूंनी कोळिणीकडे पाहिलं, विहिणीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "पिवळाच की," त्या म्हणाल्या आणि झाडू घेऊन तडक स्वयंपाकघरात गेल्या.

काका जिंकले होते. पण दुकानाकडे जाताना त्यांना मुळीच जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. बायको खोटं बोलली की लगेच झाडायला लागते, हे त्यांना लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

दुकानात पोचल्यावर मालक फोनवर होते. काकांनी मागच्या फळीवरून दोन डबे उचलले, झाकणं उघडली, दोन पुठ्ठ्यांवर एकेक फटकारा मारला आणि पुठ्ठे दारात उजेडाला धरले. एक पांढरा होता, एक मलई. शिकाऊ माणसालाही कळेल असा फरक. काकांनी डोळे बारीक केले. मग मोठे केले. मग एक डोळा झाकला, दुसरा झाकला. पुठ्ठ्यांची अदलाबदल केली, आणि त्यानंतर तर कोणता कुठला हेही त्यांना कळेना. दोन्ही सारखेच दिसत होते, जुळ्या भावंडांसारखे.

"काका, काय बघताय?" मालकांनी विचारलं.

"उजेड," काका म्हणाले. "आज उजेड बरोबर नाही."

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. मालकांनी उन्हाकडे पाहिलं आणि परत फोन लावला.

मग शेडकाकांनी जे आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. मालकांचा चष्मा गल्ल्यावरून उचलला, नाकावर चढवला आणि डब्यांवरची लेबलं वाचली. एकावर पांढरा लिहिलं होतं, दुसऱ्यावर मलई. आणि त्यांना लेकीचं घर आठवलं. विहीणबाईंनी सांगितलं होतं, भिंती पांढऱ्या हव्यात, फळ्यावरच्या खडूसारख्या, बाकी काही नको. आणि लेकीच्या घराचा रंग म्हणून काकांनी स्वतः फळीवरून डबे काढून दिले होते. झाकण उघडून, बघून.

दुपारी जेवण टाकून ते तिकडे गेले. रंगारी शिडीवर बसून खिडकीची चौकट घासत होता. भिंती झाल्या होत्या. काका खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि चारी बाजूंना वळून पाहू लागले. त्यांना त्या पांढऱ्या दिसत होत्या. पण दुकानातली मलईही त्यांना पांढरीच दिसत होती, त्यामुळे स्वतःचं दिसणं आता कामाचं नव्हतं.

"भिंती कशा वाटतात रे तुला?"

"मस्त. एकसारखा बसलाय हात."

"हात नाही विचारला. रंग."

रंगारी फार मन लावून चौकट घासायला लागला. "काका, शेड तुम्ही दिलेली. मी त्यात काय बोलू? तुमच्यासमोर मी कोण?"

एवढ्या मानाने आजवर कुणी काकांचा इतका अपमान केला नव्हता. ते खाली येऊन जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांना खरोखर भीती वाटली. हात गेला असता तर डाव्या हाताने ढवळलं असतं. पाय गेला असता तर स्टुलावर बसून काम केलं असतं. पण डोळा गेला तर शेडकाकांतून शेड वजा होऊन नुसते काका उरणार होते, आणि नुसते काका गल्लीत ढिगाने होते.

घरी येऊन ते थेट गॅलरीत गेले. विहीणबाई भिंग घेऊन कोळिणीच्या पायांचं निरीक्षण करत होत्या.

"विहीणबाई, खरं सांगा. पिवळी नाहीच ना ती?"

"नाही," विहीणबाई म्हणाल्या. "मला वाईट वाटतंय सांगताना. पण नाही." मग भिंग खाली घेऊन त्यांनी काकांच्या डोळ्यांत पाहिलं, अगदी कोळिणीकडे पाहायच्या तसंच. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे शेवटचं कधी गेला होता?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला, त्याच्यामुळे सगळं पिवळट दिसतं, काढून टाकू, असं त्यांनी एका दमात सांगितलं. "कधीपासून त्रास होतोय?"

"कोळीण आल्यापासून," काका म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली, म्हणजे डोकं ठीक आहे, तुम्ही डोळ्यांचंच बघा.

आधी एका डोळ्याचं झालं, मग काही दिवसांनी दुसऱ्याचं. दुसरी पट्टी निघाल्यावर काकांनी सगळ्यात आधी पाहिलं ते बायकोला.

"अगं, तुझे केस केवढे पांढरे झालेत."

"झाले होतेच," काकू म्हणाल्या. "तुम्हाला दिसत नव्हतं तेच बरं होतं."

मग ते गॅलरीत गेले. जाळं जागेवर होतं, काकूंनी इतके दिवस कपडे आतल्या खोलीत वाळवले होते. मधोमध ती बसली होती, डोकं खाली करून, पाय दोन दोन जोडून. पाठ चांदीची होती. त्यात मधून मधून बारीक पिवळी रेघ, आणि काळी, आणि पुन्हा चांदी. काकांना अशी शेड कुठल्याच डब्यातून काढता आली नसती. ते कितीतरी वेळ बघत राहिले. इतक्या वर्षांत आपण काय काय चुकीचं बघितलं असेल, या विचाराने त्यांचे नवे डोळे भरून आले.

"चंदेरी आहे," ते म्हणाले. "चुकलो मी."

"चुकलातच," विहीणबाई म्हणाल्या. "आणि मुख्य म्हणजे पाठ लांबट आहे. ती आधी बघायची."

काकांना उलट बरं वाटलं. गेले काही दिवस सगळे त्यांच्याशी फार जपून बोलत होते.

त्याच संध्याकाळी सगळे नव्या घरी जमले. सामान लागलं होतं, विहीणबाई आपली पिशवी घेऊन कायमच्या परतत होत्या. जिना चढताना काका सगळ्यांच्या मागे राहिले. त्यांनी उंबरा ओलांडला आणि मान वर केली.

मलई होती. नुसती मलई नव्हे, दाट सायीसारखी, चारी भिंतींवर, वरपासून खालपर्यंत. दिवाणखान्यात होती, पलीकडे विहीणबाईंच्या खोलीतही होती. फळ्यावरचा खडू तिच्या आसपासही नव्हता.

जावई पंख्याकडे बघत होता. लेक उशीला अभ्रा घालत होती, तो आधीच घातलेला होता. काकूंनी कोपऱ्यातला झाडू हातात घेतला.

"ही मलई आहे," काका म्हणाले. "पांढरी सांगितली होती तुम्ही. मी डबे चुकीचे दिले. मी करून देतो परत सगळं. माझ्या हाताने करून देतो."

विहीणबाईंनी पिशवी खाली ठेवली. चष्मा पदराने पुसला आणि परत लावला. भिंतीजवळ गेल्या, वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. स्वतःच्या मुलाला अर्धा गुण न देणारी बाई होती ती.

"काय मलई?" त्या म्हणाल्या. "पांढरा आहे की."

जावयाने पंखा सोडून आईकडे पाहिलं. त्याच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

"विहीणबाई, आता मला दिसतंय," काका हळूच म्हणाले.

"मलाही दिसतंय," विहीणबाई म्हणाल्या. "पांढराच आहे. मला अगदी हवा होता तसा."

काकांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, बायकोच्या हातातल्या झाडूकडे पाहिलं. मग ते भिंतीपाशी गेले आणि रंग वाळलाय का ते बघावं तसा त्यांनी तिच्यावर तळहात टेकवला.

"हो," ते म्हणाले. "पांढराच." शेडबद्दल ते पहिल्यांदाच खोटं बोलत होते. हात त्यांनी लवकर काढला नाही.